मराठी विज्ञानकथेचें गांव



मराठी विज्ञानकथा आणि तिची समीक्षा हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि तो मी बीड जिल्ह्यांतील पाटोदा या तालुक्याच्या गांवाकडे पाहत मांडणार आहें. विज्ञानकथा म्हटली कीं डोळ्यांपुढें उभ्या राहतात त्या वेधशाळा, प्रयोगशाळा, अंतराळयानें, आणि फार तर मुंबई-पुण्याचीं सभागृहें. बालाघाटाच्या माथ्यावर, पर्जन्यछायेंत वसलेल्या पाटोद्याचा या वाङ्मयाशीं संबंध तो काय, असें कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हें वाङ्मय मराठींत कसें आलें आणि कोणाच्या हातीं वाढलें, हें पाहिलें पाहिजे. कारण त्याची आजची स्थिति बव्हंशीं त्या वाढीच्या रीतीनेंच ठरलेली आहे.

मराठींत विज्ञानकथा आली ती पाहुणी म्हणून. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' या मासिकांत ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचें मराठी रूप क्रमशः प्रसिद्ध होऊं लागलें. मूळ कादंबरी १८६५ ची. एका प्रचंड तोफेच्या गोळ्यांत बसून माणसें चंद्राकडे निघतात, अशी तिची कल्पना. 'केरळ कोकिळा'चे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये हे मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचे, पण त्यांचें वास्तव्य कोचीनला. फ्रान्समधील कल्पना केरळांत बसून मराठींत उतरावी आणि तिचे वाचक महाराष्ट्रभर पांगलेले असावेत, हा योग मोठा मौजेचा आहे. विज्ञानकथेचा मराठींतला प्रवास असा पहिल्यापासूनच दूरदेशींचा होता.

स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा मान सामान्यतः 'तारेचें हास्य' या कथेस देण्यांत येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत प्रसिद्ध झालेल्या या कथेचे लेखक श्रीधर बाळकृष्ण रानडे. पुढें रविकिरण मंडळांतील कवि म्हणून जे प्रसिद्धीस आले तेच हे. मराठींतील पहिल्या विज्ञानकथेशीं एका कवीचें नांव जोडलें जावें, ही गोष्ट आमच्या समीक्षकांनीं जितकी मनावर घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली दिसत नाहीं. पुढें पुष्कळ वर्षें असा समज रूढ झाला कीं, हें काम शास्त्रज्ञांचेंच.

त्या काळीं पाटोदा कोठें होतें? तें निजामाच्या राज्यांत होतें. १८८४ पासून त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें तेव्हां पदार्थविज्ञान, रसायन, गणित हे सगळे विषय तेथें उर्दूंतून शिकविले जाऊं लागले. त्यासाठीं भाषांतराचें एक स्वतंत्र खातेंच उघडण्यांत आलें होतें. एका देशी भाषेंत उच्च विज्ञान शिकविण्याचा तो उपक्रम खरोखर धाडसाचा होता, आणि त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. मात्र घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाच्या वांट्याला त्याचा परिणाम उलटाच आला. मनोरंजनाचीं मराठी मासिकें पुण्यामुंबईचीं. शास्त्राची परिभाषा उर्दू. आणि शेतांतली, बाजारांतली, जात्यावरची भाषा मराठी. विज्ञान आणि कथा या दोन गोष्टी त्याला एका भाषेंत भेटतच नव्हत्या. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य संपुष्टांत आलें. भाषेची ही फूट मात्र एका दिवसांत सांधली जाण्यासारखी नव्हती, आणि मराठवाड्याचा या वाङ्मयांतला वांटा उशिरां व थोडका कां, याचें एक कारण मला तेथेंच दिसतें.

मधल्या काळाचा वृत्तांत लांबविण्याचें कारण नाहीं. भा. रा. भागवतांनीं 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत सफर', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशीं व्हर्नचीं रूपांतरें करून मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना पृथ्वीच्या पोटांत आणि पृथ्वीबाहेर फिरवून आणलें. 'उडती छबकडी' ही त्यांची स्वतंत्र कृति. त्यांची भाषा इतकी चपळ आणि घरगुती आहे कीं, ही गोष्ट मूळची परक्याची, हें वाचतांना ध्यानांतही येत नाहीं. परंतु भागवतांच्या या यशाचा एक आडपरिणाम झाला. विज्ञानकथा हें मुलांचें वाचन, असा शिक्का तिच्यावर बसला आणि प्रौढ समीक्षेनें तिला बालवाङ्मयाच्या फळीवर ठेवून दिलें.

दुसरे नारायण धारप. भयकथाकार म्हणून त्यांची ख्याति. पण 'गोग्रामचा चितार', 'नेनचिम' यांसारख्या पुस्तकांतून परग्रह, परकीय बुद्धि आणि मानवजातीचें भवितव्य हे विषय त्यांनीं हाताळले. शास्त्राच्या काट्यावर त्यांचें लेखन पुष्कळदां हलकें भरतें. असें असूनही अज्ञातासमोर उभ्या राहिलेल्या साध्या मराठी माणसाची भीति जितकी धारपांनीं पकडली आहे, तितकी शास्त्रशुद्ध म्हणविणाऱ्या पुष्कळ कथांना साधलेली नाहीं, असें माझें मत आहे. धारपांना कोठें ठेवावें हें न कळल्यामुळें समीक्षेनें त्यांना कोठेंच ठेवलें नाहीं.

आतां १९७४ सालाकडे येऊं. मराठी विज्ञान परिषद ही संस्था १९६६ सालीं मुंबईस स्थापन झाली होती. विज्ञानाचा प्रसार मराठींतून व्हावा हा तिचा उद्देश, आणि त्यासाठीं ती विज्ञानकथांची स्पर्धा भरवीत असे. अहमदाबादच्या एका परिसंवादांत, कंटाळवाणें व्याख्यान चालू असतां, जयंत विष्णु नारळीकरांनीं समोरच्या कागदांवर एक कथा लिहावयास घेतली. ती 'कृष्णविवर'. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यापाशीं संशोधन केलेले, जगभर नांव झालेले असे हे खगोलशास्त्रज्ञ. नांवाचा प्रभाव परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं 'नारायण विनायक जगताप' असें टोपणनांव घेतलें. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांत त्यांनीं नुसता उलटा केला होता. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनीं आपल्या हातानें उतरून दिली. पहिलें पारितोषिक या जगतापांना मिळालें!

या प्रसंगाला बंगाल्यांत एक पूर्वज आहे. १८९६ सालीं 'कुंतलीन' या केशतैलाच्या कारखानदारानें लावलेल्या कथास्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळविलें तें जगदीशचंद्र बसूंनीं. तेलाच्या एका बाटलीनें समुद्रांतलें वादळ शमतें, अशी ती कथा. थोर शास्त्रज्ञानें मातृभाषेंत कथा लिहावी, ती स्पर्धेला पाठवावी आणि ती पहिली यावी, ही घटना भारतांत दोनदां घडली. बंगाली कथेच्या मागें मात्र एक व्यापारी होता आणि मराठी कथेच्या मागें एक प्रसारक संस्था. हा फरक लहानसा दिसतो. आमच्या विज्ञानकथेची पुढची चाल त्यानेंच ठरविली, असें मला वाटतें.

नारळीकरांच्या पदार्पणाची दखल तात्काळ घेतली गेली. १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं या नव्या कथेचा गौरवानें उल्लेख केला. 'किर्लोस्कर'च्या मुकुंदरावांनीं त्यांच्याकडून कथा मागवून घेतल्या. १९७९ सालीं 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला, आणि मराठी सुशिक्षित घरांत विज्ञानकथेचें पुस्तक प्रथमच दिवाणखान्यांत आलें. या यशाचें मर्म केवळ लेखकाच्या कीर्तींत नव्हतें. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून जाते, पानिपतचें युद्ध मराठे जिंकतात, आणि एका अपघातामुळें इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या निराळ्या हिंदुस्थानांत जाऊन पोंचतात; पुंजविज्ञानांतली एक दुर्बोध कल्पना मराठी मनाच्या सर्वांत जुन्या जखमेवर नेऊन ठेवण्याचें हें कसब होतें. 'उजव्या सोंडेचा गणपति' हें दुसरें उदाहरण. 'धूमकेतू' या कथेंत संकट टळतें तें यंत्रामुळें, आणि घरांत श्रेय दिलें जातें तें यज्ञाला. लेखक तेथें कोणावर ओरडत नाहीं. तो नुसता हंसतो, आणि वाचकालाही हंसूं देतो.

त्यांच्या पाठोपाठ बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, शुभदा गोगटे अशी एक फळीच उभी राहिली. लोंढे यांनीं चिंतामणि देशमुखांच्या समवेत 'देवांसि जिवें मारिलें' ही कादंबरी लिहिली. गोगटे यांची 'यंत्रायणी' गाजली. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांनीं, विशेषतः दिवाळींत, या कथांना हक्काची जागा दिली. १९९३ सालीं फोंडके यांनीं भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टसाठीं संपादित केला, आणि मराठीचा दबदबा त्यांत सहज दिसून येतो. पुढें २०२१ च्या डिसेंबरांत नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद नारळीकरांकडे आलें. प्रकृतीमुळें त्यांना स्वतः उपस्थित राहतां आलें नाहीं. तथापि कथेच्या एका उपेक्षित शाखेला संमेलनाची खुर्ची मिळाली होती. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. लोंढे त्यापूर्वींच, २०१५ सालीं गेले. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील ती पिढी आतां मावळतीला आहे, आणि तिच्या जागीं तितक्याच जोमानें लिहिणारी दुसरी पिढी समोर आली आहे, असें म्हणण्याचें धाडस माझ्यानें होत नाहीं.

असें कां व्हावें? लेखक थोडे झाले, नियतकालिकें रोडावलीं, वाचक पडद्यावरच्या चित्रांकडे वळले, हीं कारणें सर्वांच्या तोंडीं आहेत आणि तीं खोटीं नाहींत. पण माझा आरोप मुख्यतः समीक्षेवर आहे. आमच्या समीक्षेनें विज्ञानकथेला आजवर दोनच प्रश्न विचारले. शास्त्रज्ञांनीं विचारलें, यांतलें विज्ञान बरोबर आहे काय? साहित्यिकांनीं विचारलें, हें वाङ्मय आहे काय? पहिला प्रश्न प्रसारक संस्थेच्या स्पर्धेतूनच जन्मला आणि तेथें तो शोभतही होता. मात्र तो एकटाच उरला तेव्हां कथेचा वर्ग झाला. एक वार्ताहर शंका विचारतो, एक प्राध्यापक निरसन करतात, आणि तिसऱ्या पानावर वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, आपण फळ्यासमोर बसलों आहोंत. दुसरा प्रश्न तर विचारण्यापुरताच होता. त्याचें उत्तर ऐकावयास कोणी थांबलें नाहीं. ग्रामीण कथेवर, दलित साहित्यावर, नवकथेवर आमच्याकडे जसे कडाक्याचे वाद झाले, तसा एकही वाद विज्ञानकथेच्या वांट्याला आला नाहीं. विज्ञानकथेवर परिचय लिहिले गेले, प्रस्तावना लिहिल्या गेल्या, व्याख्या तर पुष्कळच झाल्या. आणि त्यांतल्या बहुतेक विज्ञानकथालेखकांनींच लिहिल्या, कारण दुसरें कोणी लिहीत नव्हतें!

तिसरा प्रश्न विचारलाच गेला नाहीं. या कथेंतला भविष्यकाळ कोणाचा? तो कोणत्या गांवीं उगवतो?

येथें मी पाटोद्याकडे वळतों. मांजरा नदी याच तालुक्यांतल्या बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते. पुढें धनेगांवच्या धरणांत ती अडते आणि लातूर शहर तिच्यावर जगतें. २०१६ च्या उन्हाळ्यांत तें धरण कोरडें पडलें, आणि त्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी नेण्यांत आलें. पहिल्या खेपेला दहा टांक्या, सुमारें पांच लक्ष लिटर. नदीच्या गांवाला रुळांवरून पाणी! १९६० सालीं कोणी ही कथा लिहिली असती तर परीक्षकांनीं ती अतिशयोक्त म्हणून परत केली असती. २०१५ सालीं, आणि पुन्हां २०१९ सालीं, औरंगाबादेहून विमानें उडवून मराठवाड्याच्या ढगांत क्षारांचे कण फवारण्यांत आले; पाऊस पाडण्याचा तो प्रयोग. खालीं शेतकरी आभाळाकडे पाहत उभा आहे आणि वर ढगांत विमान फिरत आहे, या चित्रांत विज्ञान आहे, नाट्य आहे, श्रद्धा आणि हिशेब दोन्हीं आहेत. मराठी विज्ञानकथेनें मुंबईवर बर्फ पाडून पाहिलें, आणि 'हिमप्रलय' ही कथा उत्तमच आहे. पाटोद्यावर न पडणाऱ्या पावसाची तितक्याच तोलाची कथा मला आठवत नाहीं.

लेखकांना कांहीं सुचलेंच नाहीं, असें मात्र नव्हे. 'पुत्रवती भव' ही नारळीकरांची कथा घ्या. मुलगाच व्हावा ही घरोघरची इच्छा विज्ञानाच्या हातीं लागली तर समाजाचें काय होईल, हा तिचा विषय. २०११ च्या जनगणनेंत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली भरल्या ८०७. कथेंतील साधन निराळें, जिल्ह्यांतील साधन निराळें. इच्छा मात्र तीच. एखादी कथा इतकी खरी ठरल्यावर समीक्षेनें ती पुन्हां उघडून वाचावयास नको होती काय? लेखकाला काय दिसलें, काय दिसलें नाहीं, त्या मुलींच्या आयांना त्यानें कितपत बोलूं दिलें, हे सगळे प्रश्न आहेत, आणि ते त्या कथेचा मान वाढविणारे आहेत.

याहून कठीण गोष्ट सांगावयाची आहे. दिवाळी झाली कीं पाटोदा आणि शेजारच्या तालुक्यांतून माणसें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तीं वैशाखाच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून एक जोडी, आणि त्या जोडीला नांव 'कोयता'. मुकादम विचारतो, यंदा किती कोयते? जोडीनें आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. कामावर न गेलेला दिवस म्हणजे 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांमध्यें गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचें प्रमाण असाधारण आहे, असा बोभाटा झाला आणि २०१९ सालीं राज्यशासनाला त्याच्या चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. दुखणें, दारिद्र्य, चुकीचा सल्ला आणि खाड्याची धास्ती यांचा गुंता त्यामागें आहे. श्रमाच्या सोयीसाठीं मनुष्यदेहांत फेरफार करणें, ही कल्पना पाश्चात्त्य विज्ञानकादंबरीनें अनेकदां भविष्यकाळांतली भीति म्हणून रंगविली. ती येथें घडून गेली, आणि तिच्यासाठीं एकही नवें यंत्र लागलें नाहीं.

यंत्राची गोष्ट निघाली म्हणून एका शब्दाचा इतिहास सांगतों. 'रोबो' किंवा 'रोबोट' हा शब्द आज आपल्या घरांतलीं लहान मुलेंही वापरतात. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकांतून तो जगभर गेला. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे वेठ; जमीनदाराच्या शेतांत कुळानें करावयाची सक्तीची राबणूक. म्हणजे विज्ञानकथेंतला हा सर्वांत प्रसिद्ध शब्द मूळचा शेतांतला आहे, वेठबिगारीचा आहे. चापेकनें यंत्राला राबणाऱ्या माणसाचें नांव दिलें. आमच्याकडे राबणाऱ्या माणसाला हत्याराचें नांव आहे.

नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरींत बुद्धिमान यंत्रमानव येतो, आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करूं पाहतो, आणि माणसाचें आसन डळमळूं लागतें. कादंबरी वेगवान आहे, तिची रचना चोख आहे. तिच्यांत धोका आहे तो शास्त्रज्ञांना, संस्थांना, राष्ट्राला. ज्याचें काम यंत्र प्रथम हिरावून घेईल तो माणूस त्या पानांत फिरकत नाहीं. लेखकानें आपल्या ओळखीच्या जगाविषयीं लिहिलें, यांत त्याचा दोष नाहीं. दुसऱ्या जगाचा लेखक पुढें आला नाहीं, आणि त्याला पुढें ये असें म्हणणारी समीक्षाही नव्हती.

तें यंत्र आतां उसाच्या फडांत शिरलेलें आहे. तोडणी करणारीं अजस्र वाहनें कारखान्यांच्या शिवारांत दिसूं लागलीं आहेत. त्यांना खाडा नाहीं, उचल द्यावी लागत नाहीं, त्यांच्या मागें पालावर रडणारें मूल नाहीं. इकडे बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्यांचीं पातीं फिरत आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशीं अजूनही माणूस पाण्याच्या टँकरची वाट पाहतो. ऊसतोडीचें यंत्र सर्वत्र झालें तर 'कोयता' या शब्दाचा अर्थ पुन्हां नुसतें हत्यार इतकाच उरेल काय? दिवाळीनंतर ओस पडणारीं गांवें भरलेलीं राहतील, कीं तींच माणसें आणखी लांबच्या कामावर जातील? आईबापांच्या मागें फडावर न जातां जो मुलगा पाटोद्याच्या शाळेंत वर्षभर बसेल, तो मोठेपणीं काय लिहील? ही कथा लिहावयास कृष्णविवराचें गणित लागत नाहीं. तिच्यासाठीं लागणारे शब्द, उचल, खाडा, मुकादम, पाचट, पाटोद्याच्या बाजारांत कोणालाही पाठ आहेत. आणि मराठी विज्ञानकथेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या परिभाषेंत ते अद्याप दाखल झालेले नाहींत.